वाण म्हणून वाटलेलं गाव

माझ्या आईला कुणी माहेर विचारलं की ती गावाचं नाव सांगते आणि लगेच पुढे जोडते, "पाण्यात हाय." विचारणारीला वाटतं, गाव नदीकाठी असेल. आई समजावत बसत नाही. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती परकर-पोलक्यातली मुलगी होती. अख्खं गाव उठून माळावरच्या नव्या वसाहतीत गेलं आणि काही वर्षांनी आई लग्न होऊन सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात आली. त्या वसाहतीला तिनं कधी माहेर म्हटलं नाही. "ते पत्र्याचं," एवढंच म्हणायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोळातल्या बायका जमल्या की माहेरं निघतातच. कुणाच्या माहेरी चिंचेची झाडं, कुणाच्या माहेरी म्हशीच म्हशी. शेजारच्या विणकर घरातली वहिनी तेलुगूत सुरू करायची आणि मराठीत येईपर्यंत तिच्या माहेरच्या घरावर आणखी एक मजला चढलेला असायचा. आई तेवढा वेळ तिळगुळाचा डबा घेऊन फिरत राहायची. लहानपणी मला तिचा राग यायचा. तूही ठोक की दोन थापा, पाण्याखाली कोण बघायला जाणार आहे? पण थापा मारणं आईच्या रक्तात नाही, ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

मी शाळेत चित्रकला शिकवते. सासर दोन बोळ पलीकडे, त्यामुळे माहेरी जायला मला निमित्तही लागत नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात मोबाइलचे गेम बनवायचा, जे त्याच्याशिवाय कुणी खेळत नसे. एका उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं आणि आईच्या गावच्या देवळाचं शिखर वर आल्याचा फोटो मामानं पाठवला. आईनं तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. "ह्याच्या मागं हीर. हिरीच्या वरल्या अंगाला आमचं घर," ती म्हणाली. थोड्याच दिवसांत भावानं आईच्या गावाचा गेम करायचा म्हणून क्लासची नोकरी सोडली. वडील गिरणीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "पाण्यातल्या गावावर पोट भरतं का?"

भावाला घाई होती, आणि त्याचं कारण वडिलांनाही ठाऊक होतं. आई विसरायला लागली होती. दूध गॅसवर ठेवून विसरणं वेगळं, ते मीही करते. पण ती ओळखीच्या बोळात मधेच थांबायची आणि कुठे वळायचं ते आठवत उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, हे आता हळूहळू वाढत जाणार. त्या दिवशी घरी आल्यावर भाऊ मला म्हणाला, "आक्का, तिला आठवतंय तोवर गाव करून घ्यायचं. तू चित्रं काढ."

असा तो गेम सुरू झाला. त्यात मारामारी नाही, नाणी गोळा करायची नाहीत. एक मुलगी नावेत बसून पाण्यावर फिरते. ती जिथे थांबते तिथे पाणी उतरत जातं आणि खालचं गाव वर येतं. आधी शिखर, मग पिंपळ, मग विहीर, मग गल्ली. मी म्हटलं, "हे खेळणार कोण?" तो म्हणाला, "आई."

आणि आई खेळली. खरं सांगायचं तर गाव तिनंच बांधलं. तिला समोर बसवून विचारलं की ती काहीच सांगू शकायची नाही. "काय असायचंय? घरासारखं घर, गावासारखं गाव." पण मोबाइल हातात दिला आणि अंगठ्यानं नाव हाकायला लागली, की तिला जागच्या जागी आठवायचं. "हितं न्हाय. पुढं. हां, हितं दगडी डोण, गुरांच्या पाण्याची. डोणीपाशी बिबव्याचं झाड, त्याच्या खाली उभं ऱ्हायचं न्हाय, अंगावर उततं." भाऊ तिथल्या तिथे लिहून घ्यायचा, मी दुपारी शाळेतून येऊन डोण आणि झाड काढायची, आणि दुसऱ्या दिवशी ते गावात उगवलेलं असायचं. आई परत नाव हाकत यायची, झाड बघायची आणि म्हणायची, "थोडं वाकडं व्हतं." मी वाकडं करायची. इतक्या वर्षांत कुठल्या शाळा-तपासनीसानं माझ्या चित्रात एवढ्या चुका काढल्या नसतील. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस विचाराल तर तेच.

नावेतल्या मुलीला मी निळा-पांढरा गणवेश दिला होता, पाण्यावर तो उठून दिसायचा. आईला पटलं नाही. "माझा परकर जांभळा व्हता." मग फक्त तिच्या मोबाइलवरच्या गेमसाठी मी मुलीला जांभळा परकर नेसवला. ती तपासणीची कच्ची प्रत होती. त्यात नाव विहिरीजवळ अडकायची, जरा मागे घेऊन वळसा घातला की सुटायची. पुढे भावानं ते दुरुस्त केलं आणि आईला नवी प्रत देऊ केली. तिनं घेतली नाही. "मला हीच ऱ्हाऊ दे. ह्यात मी हाय."

पहिला भाग आईच्या घराच्या दारापर्यंत झाला. हिरवं दार, लोखंडी कडी. मुलगी नावेतून उतरते, तीन पायऱ्या चढते, कडीला हात लावते आणि गेम संपतो. दाराच्या आतलं दुसऱ्या भागात करायचं होतं. भाऊ म्हणाला, "पहिला विकला गेला की आणखी एक वर्ष मी घरी बसू शकतो. नाहीतर नोकरी बघावी लागणार." किंमत त्यानं गाडीवरच्या एका प्लेट भज्यांएवढी ठेवली. दिवाळीनंतर गेम बाजारात आला. सुरुवातीला कुठून कुठून लोक घ्यायला लागले. गर्दी नव्हती, पण रोज कुणी ना कुणी असायचं. भाऊ रोज सकाळी चहा घेताना बघायचा आणि वडिलांना सांगायचा. वडील मान हलवायचे. एकदा तर त्यांनी स्वतःहून विचारलं, "आज कोण आलं का गावात?"

संक्रांतीनंतर गावात येणारे थांबले.

आम्हाला कळेना. गेमसाठी भावानं नेटवर एक पान काढलं होतं, तिथे लोक भलतंच लिहायला लागले. नाव अडकते. विहिरीपुढे जाताच येत नाही. मधेच पत्त्यांच्या खेळांच्या जाहिराती येतात. अर्धवट काम करून लोकांना फसवता का? भाऊ प्रत्येकाला उत्तर द्यायचा, की नाव अडकत नाही, जाहिराती आम्ही टाकलेल्याच नाहीत. मला वाटलं, कुणाच्या तरी पोटात दुखतंय. माझा स्वभावच असा, आधी माणसाचा संशय.

मग एके दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत एक बाई माझ्याजवळ मोबाइल घेऊन आल्या. "हे बघा, आपल्या उजनीचा गेम आलाय. केम गावाहून माझ्या भाच्यानं पाठवला. फुकट आहे." मला इतका आनंद झाला की मी डबा तसाच ठेवून उठले. माझी चित्रं शाळेत माझ्याआधी पोचली होती. पडद्यावर पाणी आलं, नाव आली, नावेत मुलगी आली. तिनं जांभळा परकर नेसला होता.

जांभळा परकर जगात एकाच मोबाइलमध्ये होता. मी बाईंना गेम माझ्या मोबाइलवर पाठवायला सांगितला, शेवटचे तास कसेबसे उरकले आणि तडक माहेरी गेले. भाऊ स्वयंपाकघरात भाकरी खात होता. मी त्याच्यापुढे मोबाइल धरला. त्यानं परकर पाहिला, विहिरीपाशी नाव अडकलेली पाहिली, जाहिरात पाहिली. घास हातातच राहिला. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "तुझ्याकडं बी आलं व्हय? मी सगळ्यास्नी दिलं की, संक्रांतीला. वाण म्हणून."

संक्रांतीला मी माझ्या सासरच्या हळदीकुंकवात अडकले होते आणि भाऊ बायकांच्या घोळक्याला घाबरून बाहेर गेला होता. इकडे आईनं दर वर्षीच्या वाट्या-डब्या आणल्याच नव्हत्या. बायका भजनं आणि रेसिप्या एकमेकींना जशा पाठवतात, तसा तिनं बसल्या जागी प्रत्येकीच्या मोबाइलवर गेम पाठवला होता. भावानं हलक्या आवाजात विचारलं, "कुणाकुणाला दिलंस?" तिनं बोटांवर मोजत सांगितलं. आपल्या बोळातल्या सगळ्या, वरच्या बोळातल्या, भजनी मंडळातल्या. विणकरांच्या वहिनींनी तर तिथेच बसून देवळापर्यंत नाव नेली. "म्हणल्या, तुमचं माहेर लई देखणं हाय की." हे सांगताना आईचा चेहरा कसा होता ते मला लिहिता येत नाही. चित्रही काढता येणार नाही.

मी म्हटलं, "आई, ते विकायला ठेवलंय." ती माझ्याकडे बघून हसली. "बाजारात ठिवलं आसंल. वाणाला कुणी पैसं मागतं व्हय?"

भाऊ म्हणाला, "चांगलं केलंस आई."

ती बाहेर गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. तिला नीट सांग, मोबाइल काढून घे, बायकांना फोन कर. तो भाकरीचा तुकडा ताटात इकडून तिकडे करत होता. "काय सांगू, आक्का? तुझं गाव वाटू नको म्हणू? आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे दाखवायला माहेर होतं." मग म्हणाला, "तिला यातलं काहीएक कळता कामा नये. शपथ घे." मी घेतली.

पुढचा प्रवास आम्ही विचारत विचारत शोधला. भजनी मंडळातल्या एका बाईंच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं आपल्या आईच्या मोबाइलवर आलेला गेम गिऱ्हाइकांना भरून दिला. तिथून तो कुणी नेटवर चढवला, त्यात कुणी जाहिराती घुसडल्या. भाऊ दुकानात गेला. दुकानदार भला माणूस, त्यानं चहा मागवला. "अहो, तुमची फुकटात जाहिरात होतीय की. लोकं आधी खेळतील, मग घेतील." भाऊ चहा पिऊन परत आला. मी म्हटलं, चहा कशाला प्यायलास? "त्यानं मागवला होता," तो म्हणाला. अशा माणसानं धंदा कसा करायचा, सांगा.

त्यानं तक्रारी केल्या. एका ठिकाणाहून गेम काढला की दुसरीकडे निघायचा. खेळणाऱ्यांना तरी काय मिळालं होतं? अडकलेली नाव आणि पत्त्यांच्या जाहिराती. ते वैतागून शिव्या देत होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दिल्या असत्या. भाऊ मात्र एकाच गोष्टीनं खचला. "चोरला त्याचं एवढं नाही, आक्का. कच्चा चोरला. लोकांना वाटतंय, आपल्याला एवढंच येतं."

त्याच सुमारास गेमच्या पानावर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा बोलून पाठवलेला निरोप आला. धरणाच्या पलीकडल्या काठावरच्या कुठल्याशा वसाहतीतून, नातीच्या मोबाइलवरून. "आमचं बी गाव तितंच गेलं. नातीनं हे दाखिवलं. नाव हिरीपाशी आडकती, पर मागं घेतली की निघती. पिंपळ बराबर हाय. दार कवा उघडणार तेवढं कळवा. आता आमचं काय खरं न्हाय." भावानं तो निरोप परत परत ऐकला. त्यांना दुरुस्त केलेली प्रत फुकट पाठवून दिली आणि लिहिलं, लवकरच. मला रडू आवरेना. ज्या चोरीनं दार बंद केलं, तिच्यामुळेच तो म्हातारा दारापर्यंत आला होता. आता कुणावर चिडायचं?

उन्हाळा लागण्याआधी भाऊ पुण्याला नोकरीला गेला. तिथे तो मोबाइलवरच्या पत्त्यांचे खेळ करतो. पत्ते कसे पिसले जावेत, जिंकल्यावर कसा चकचकाट व्हावा, ते बघतो. कामाला हुशार आहे, साहेब खूश आहेत. रविवारी फोन करतो तेव्हा आवाज असा येतो की जणू भिंतीकडे तोंड करून बोलतोय. सुरुवातीला सुट्टीत येऊन दुसरा भाग करीन म्हणायचा. एकदा आलाही. आईला समोर बसवलं, लॅपटॉप उघडला आणि तसाच झोपून गेला. आईनं त्याच्या अंगावर चादर घातली.

आई त्याच्यावर रुसली आहे. हे मला सगळ्यात जड जातं. ती रोज दुपारी उंबऱ्याशी बसून नाव हाकते, विहिरीपाशी मागे घेते, वळसा घालते, पायऱ्या चढते, कडीला हात लावते. मग मला म्हणते, "शहरात गेला, पैशापाठी लागला. माझं दार उघडायला सवड न्हाय त्याला." सांगून टाकावंसं वाटतं, की आई, तो तुझ्यासाठी गप्प आहे. शपथ आड येते. भावाला फोनवर हे बोलले, तर म्हणाला, "रुसू दे. रुसली तर दार तरी लक्षात राहील तिच्या."

मी कागदावर प्रयत्न केला. दार काढलं, उघडं काढलं, आत मोकळी जागा ठेवली आणि विचारलं, आता सांग, इथे काय? ती कागद हातात धरून बसली. "काय असायचंय? घरासारखं घर." कागदावर अंगठा फिरवून पाहिला तिनं. काही हललं नाही. मग तिनं तो घडी घालून मला परत दिला.

या संक्रांतीला तिनं स्टीलच्या वाट्या वाटल्या. मी सासरचं हळदीकुंकू लवकर आटपून तिकडे गेले होते. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, मोबाइल फडताळाला टेकवून ठेवला होता. वाटी घेताना भजनी मंडळातल्या त्याच बाई म्हणाल्या, "औंदा वाटी व्हय? गेल्या साली लई भारी वाण दिलं व्हतं तुमी. माझ्या लेकानं सगळ्या पेठेत वाटलं की." आई खुलली. मोबाइलकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का बाबा? लोकं अजून नाव काढत्यात. तूच इसरलास." भाऊ पडद्यावर हसला. "व्हय आई. करतो." पाठीमागून त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

बायका गेल्यावर मी वाट्यांची रिकामी खोकी आवरत होते. आई उंबऱ्याशी मोबाइल घेऊन बसली होती. जांभळ्या परकरातली मुलगी पायऱ्या चढून दारापाशी उभी होती. आईनं मान वर केली आणि मला विचारलं, "आत गेल्यावर चूल डाव्या हाताला व्हती का गं, का उजव्या?"

मी म्हटलं, "आई, मी कधी पाहिलंय?"

"आसं व्हय," ती म्हणाली, आणि परत दाराकडे बघत बसली.